पोपटराव कासारांचा ब्लाइंड

कारेगावला कंपन्यांच्या बस थांबतात त्या चौकामागं पंक्चरचं एक बंद दुकान आहे. तिसरी पाळी सुटली की सकाळी साडेसातला त्याचं शटर कमरेइतकं वर जायचं, आत सतरंजी पडायची आणि तीन पत्तीचा डाव बसायचा. रात्रभर मशीनपुढं उभे राहिलेले सहा-सात जण खोलीवर जाऊन झोपायच्या आधी तिथं तास-दीड तास काढायचे. सगळ्यांच्या अंगात कंपनीचे निळे शर्ट. एकाच्याच अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी आणि शेजारी कुलूप घातलेली पत्र्याची पेटी. ते शिरूरचे पोपटराव कासार.

पोपटराव एकसष्ट वर्षांचे. शिरूरच्या पेठेत त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं, ते बायको धुरपदा सांभाळायची. पोपटराव पेटी घेऊन सकाळच्या पहिल्या एसटीनं कारेगावला यायचे. दुपारी पहिल्या पाळीच्या बायका सुटल्या की चौकात हातगाडी लावायची. मधला वेळ मोकळा. त्या मोकळ्या वेळात ते पत्ते खेळायचे, आणि सतरंजीवरून उठताना बहुतेक वेळा हसत उठायचे.

त्याचं कारण त्यांच्या धंद्यात होतं. कासाराला हात कळतो. बाई हात पुढं करते तेव्हा तिच्या अंगठ्याच्या मुळाशी दाब देऊन पंजा बारीक करावा लागतो. हात सैल सोडला तर काचेची बांगडी सर्रकन मनगटावर जाते, भीतीनं ताठ केला तर तडकते. चाळीस वर्षं पोपटराव हात धरून "सोड बाई, सैल सोड" म्हणत आले होते. कुठल्या बाईचं सासरी बरं चाललंय आणि कोण रडून आलीय हे त्यांना तोंडाकडं न बघता सांगता यायचं. सतरंजीवरही ते कुणाच्या तोंडाकडं बघत नसत. पत्ता चांगला आला की माणूस पत्ते खाली ठेवतो, बोटं मोकळी होतात. थाप मारायची असली की पत्ते घट्ट धरतो, कोपरा वाकतो. कोपरा वाकला की पोपटराव चाल वाढवायचे आणि समोरचा पत्ते फेकायचा.

स्वतःचे पत्ते मात्र ते उचलतच नसत. तीन पत्तीत न बघता खेळायला ब्लाइंड म्हणतात, आणि न बघणाऱ्याला निम्मेच पैसे टाकावे लागतात. पोपटरावांनी वीस टाकले की पत्ते बघून बसलेल्याला चाळीस टाकावे लागायचे. त्यांनी चाळीस टाकले की ऐंशी.

"मामा, बघा तरी एकदा. आत राजा-राणी वाट बघत बसली आसतील," हृतिक म्हणायचा.

"बसू दे. मी बघितलं तर माझा हात मलाच दगा देईल. ज्याला ठावंच न्हाई, त्याचा हात काय सांगनार?"

हृतिक सव्वीस वर्षांचा, डिप्लोमा झालेला. रांजणगावच्या एका कारखान्यात सुटे भाग मोजून पास-नापास करायचा. फोनवरचं पैशाचं पोकर बंद झाल्यापासून तो सतरंजीवर यायला लागला होता. त्याच्या डोक्यात आकडे असायचे. तो म्हणायचा, शंभर वेळा तीन पत्ते वाटले तर चौऱ्याहत्तर वेळा हातात साधी जोडीसुद्धा येत नाही. म्हणजे बहुतेक वेळा सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांच्या हातात कचराच असतो. मग डाव पत्त्यांचा राहतच नाही. कोण कुणाला उठवतो, एवढाच राहतो. पोपटरावांनी ही गोष्ट कधी आकड्यात मांडली नव्हती, पण ते तसंच खेळत होते, आणि म्हणून हृतिक त्यांना मामा म्हणायचा त्यात थोडा उस्तादही असायचा.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पोपटराव घरी धुरपदाला बांगड्या भरायला बसले. तिचं माप दोन-चार. लग्नाला अडतीस वर्षं झाली, माप तेच. उजव्या हातात बारा बांगड्या गेल्या. डाव्यात पहिलीच अडली.

"सैल सोड की."

"सोडलाय. अजून किती सोडू?"

हात खरंच सैल होता. पोपटरावांनी अंगठा दाबला, मनगट चाचपलं. कातडी ताणलेली, दाबलं तर बोटाचा खळगा राहत होता. त्यांनी दोन-चारचा डबा बाजूला सारला आणि गुपचूप पुढच्या मापाचा, दोन-सहाचा, उघडला. दोन्ही हातांना वेगवेगळं माप, असं त्यांनी आजवर कुणाला भरलं नव्हतं.

"डबा का बदलला?" धुरपदानं विचारलं.

"नवा माल हाय. घट्ट येतोय."

पहिली थाप ती. पुढं भाऊबिजेला मुलगी शितल दौंडहून आली तेव्हा धुरपदानं तिला काखेजवळची गाठ दाखवली. शितल आईला घेऊन शिरूरच्याच डॉक्टरीणबाईंकडं गेली. त्यांनी सुई घालून गाठीतला बारका तुकडा तपासायला पाठवला आणि बजावलं, रिपोर्ट आला की त्याच दिवशी घेऊन या. शितल दौंडला परत गेली. अकरा नोव्हेंबरला लॅबमधून रिपोर्ट आणायला पोपटराव गेले.

पाकीट चिकटवलेलं होतं. वर इंग्रजीत धुरपदाचं नाव. पोपटराव ते घेऊन बाजारपेठेतून चालत आले. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना वाटेतच होता. ते थांबले नाहीत. दुकानात येऊन त्यांनी पेटी उघडली, हिरव्या काचेच्या डब्यांखाली पाकीट सरकवलं आणि कुलूप लावलं.

त्यांच्या थोरल्या भावाचं असंच पाकीट आलं होतं. भाऊ धडधाकट होता, दोन घागरी घेऊन जिना चढायचा. पाकीट उघडलं, डॉक्टरनं वाचून दाखवलं, आणि त्या दिवसापासून भाऊ भिंतीकडं तोंड करून झोपला. चाळीस दिवसांत गेला. पोपटरावांच्या मनात पक्कं बसलं होतं की भावाला रोगानं नाही, बघण्यानं मारलं. बघितलं की दुप्पट भरावं लागतं. न बघता माणूस निम्म्यात तग धरतो. सतरंजीवर हे रोज खरं ठरत होतं.

घरी त्यांनी धुरपदाला सांगितलं, "साधी गाठ हाय म्हनल्या बाई. रगताच्या गोळ्या दिल्यात." गोळ्या त्यांनी मेडिकलमधून स्वतःच घेतल्या होत्या, ताकदीच्या. सांगताना ते दोन्ही हातांनी बांगड्यांचा डबा पुसत होते. धुरपदानं "बरं झालं बाई" म्हटलं आणि चूल पेटवायला गेली. दवाखान्यातून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा पोपटराव म्हणाले, "पुन्याला दाखवतोय आमी." शितलनं फोनवर विचारलं तर तिलाही साधी गाठच सांगितली.

संक्रांतीला धुरपदाच्या डाव्या हाताला दोन-आठचं माप लागलं. माघ संपता संपता तेही अडायला लागलं. रात्री ती हात उशीवर ठेवून निजायची. पोपटराव पेटीतून रोज माल काढायचे, ठेवायचे, आणि बोटं पाकिटाला लागू नयेत म्हणून हिरव्या डब्यांना हात लावायचं टाळायचे. हिरव्या काचेला गिऱ्हाईक आलं तर सांगायचे, संपली.

पप्पू सतरंजीवर आला तो याच दिवसांत. ठेकेदाराकडचा माल चढवणारा माणूस, तिशीचा, जाडजूड, खिशात कायम खारे शेंगदाणे. त्याला खेळ येत नव्हता. कुणाची चाल कशी, कोण घाबरलंय, यातलं त्याला काही म्हणता काही कळत नव्हतं. पत्ते उचलायचा, बघायचा, मांडीवर ठेवायचा आणि शेंगदाणे खात पैसे टाकत राहायचा. पत्ते फेकणं त्याला माहीतच नव्हतं.

त्या सकाळी डाव वाढत वाढत गेला आणि एकेक जण गळाला. हृतिकनंही पत्ते टाकले. राहिले दोघं. पोपटराव ब्लाइंड, पप्पू बघून. पोपटरावांनी शंभर टाकले. पप्पूनं दोनशे टाकले.

"पप्पू, मामा ब्लाइंड हायत. उठ आता. खोलीभाडं द्यायचंय तुला," कुणीतरी म्हणालं.

"मी कुठं नको म्हनतोय? वाढवा मामा."

"सकाळी सकाळी कासाराला वाढवा म्हनू नको रं," हृतिक हसला. "त्यांच्यात बांगडी फुटली की वाढवली म्हंत्यात."

सगळे हसले. पोपटराव हसले नाहीत. त्यांनी दोनशे टाकले. पप्पूनं चारशे टाकले आणि शेंगदाण्याचं टरफल फुंकलं. पोपटराव त्याच्या हाताकडं बघत होते. जाड, चिरा पडलेला, मोकळा हात. कोपरा वाकत नव्हता, पत्ते घट्ट धरलेले नव्हते. त्या हाताला भीतीही नव्हती आणि आनंदही नव्हता. पोपटरावांनी परत दोनशे टाकले. पप्पूनं परत चारशे टाकले.

"अरं, काय हाय काय तुझ्याकडं?"

"आता ते मला काय ठावं मामा, मोठं का लहान. मी आपला भरत राह्यतो."

पोपटरावांच्या खिशात शेवटचे दोनशे उरले. ते टाकून त्यांनी शो मागितला, म्हणजे दोघांनी पत्ते उघडायचे, आणि पहिल्यांदाच स्वतःचे पत्ते पलटले. नव्वा, सत्ता, तिर्री. पप्पूकडं दुर्रीची जोडी. सगळ्यांत बारकी जोडी.

"जिंकलो काय मी?" पप्पूनं विचारलं.

डाव उठला. हृतिक पोपटरावांची पेटी उचलून त्यांच्याबरोबर चौकापर्यंत आला. त्याला राहवत नव्हतं, चालता चालता बोलत होता.

"मामा, चूक सांगू का? रागावू नका. तुमचा ब्लाइंड चालतो तो समोरचा भितो म्हनून. दुप्पट भरावं लागंल, हरंल, या भीतीनं तो पत्ते टाकतो आन् तुमी जिंकता. तुमचे पत्ते कवाच जिंकत न्हाईत. बरोबर?"

"व्हय."

"आता पप्पू भीतच न्हाई. तो पत्ते टाकनारच न्हाई. तुमी किती बी टाका, कसं बी बसा, तो शेवटापर्यंत येनार. तेच्यापुढं ब्लाइंड बसून काय उपेग? जो उठतच न्हाई तेच्याशी खेळायचं तर आधी आपले पत्ते बघायचे. पहिल्याच चालीला. वाईट आसले तर तिथंच काय करायचं ते ठरतं, थोडक्यात भागतं. उशीर केला तर निस्तं भरत राह्यचं."

पोपटराव हातगाडीला टेकून उभे राहिले. उन्हाचा चटका बसायला लागला होता. समोरून कंपनीची रिकामी बस गेली, धूळ उडाली. हृतिकला वाटलं, मामाला पैसे गेल्याचं लागलं. तो म्हणाला, "उद्या येतील परत. पप्पू काय कुठं जातोय?"

"इंग्रजी वाचता येतं ना तुला?" पोपटरावांनी विचारलं.

त्यांनी पेटी उघडली. हिरवे डबे एकावर एक काढून गाडीवर ठेवले. तळातून पाकीट काढलं आणि हृतिकच्या हातात दिलं. पाकिटाला काचेचा चुरा लागला होता. हृतिकनं ते फाडलं, कागद उलगडला आणि वाचायला लागला.

पोपटराव त्याच्या हातांकडं बघत होते. आधी बोटं सैल होती. मग उजव्या हाताचा अंगठा कागदावर दाबला गेला, नखाखालचं मांस पांढरं पडलं, कागदाचा कोपरा वाकला. हृतिक वर बघून काही बोलायच्या आतच पोपटराव म्हणाले, "कळलं."

"मामा, ह्याच्यावर नोव्हेंबरची तारीख हाय."

"ठेव पेटीत."

"ठेव काय? आज मार्च हाय, मामा! कुनाचं हाय हे?"

पोपटरावांनी सांगितलं. हृतिकनं हातगाडी तशीच चौकात शेजारच्या रसवाल्याच्या भरवशावर सोडली, पोपटरावांना मोटरसायकलवर मागं बसवलं आणि शिरूरला आणलं. 

पुढच्या दोन दिवसांत शितल दौंडहून आली आणि चौघं पुण्याला मोठ्या दवाखान्यात गेले. हृतिकनं रजा टाकली होती, कारण इंग्रजी कागद त्यालाच नीट वाचता येत होते. वेगवेगळ्या मशिनींखालून धुरपदाला नेलं, आणलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की कापून काढायची वेळ निघून गेली आहे. गाठ काखेत आणि पुढंही पसरली आहे. आता औषधं द्यायची, जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवायचं. आई बाहेर असताना शितलनं विचारलं, नोव्हेंबरमध्येच आलो असतो तर? डॉक्टर तरुण होते. ते फाईलकडं बघत म्हणाले, "तेव्हा गोष्ट वेगळी होती."

सलाईन लावायच्या आधी नर्स आली. सुजलेल्या हातातल्या बांगड्या काढायच्या होत्या. दोन-आठच्या सहा बांगड्या मांसात रुतल्या होत्या. तिनं कटर आणला.

"काचेला कटर लावू नका, ताई. टोक हातात घुसंल," पोपटराव म्हणाले. "मी काढतो."

त्यांनी ओला रुमाल धुरपदाच्या मनगटाभोवती गुंडाळला. एकेक बांगडी रुमालातून दोन बोटांत धरली आणि बाहेरच्या बाजूला दाबली. सौभाग्यवती बाईच्या बांगड्या त्यांनी कधी अशा वाढवल्या नव्हत्या. सहा वेळा बारका आवाज झाला. धुरपदा छताकडं बघत होती. शेवटची बांगडी निघाल्यावर तिनं विचारलं, "आवं, नर्सबाई मघाशी अकरा नोव्हेंबरचा कागद म्हनत व्हती. तो कुठला?"

पोपटराव रुमालातली काच गोळा करत राहिले.

"आवं, मी काय विचारते?"

"पाकीट व्हतं. मी उघडलं न्हाई."

"तुमी तर म्हनला साधी गाठ."

"मी बघितलंच न्हाई, धुरपदे. आईशप्पत. थोरल्याचं बघितलं आन् काय झालं, तुला ठावं हाय. मला वाटलं, न बघता जितकं ढकलंल तितकं ढकलावं."

सुजलेला हात तिनं उचलून पोटावर घेतला. मग म्हणाली, "दिवाळीला डबा बदलला तुमी. संक्रांतीला परत बदलला. बिनबघता बदलला व्हय?"

पोपटरावांनी काचेच्या रुमालाची गाठ मारली.

"माझं व्हतं ते पाकीट," ती म्हणाली. "माझं नाव व्हतं वर. मी घाबरले आसते, रडले आसते, काय बी केलं आसतं. पर माझं व्हतं."

पहिलं औषध चढल्यावर तिला घरी सोडलं. गाडी शिक्रापूरजवळ आली तेव्हा तिनं शितलला सांगितलं की शिरूरला जायचं नाही, दौंडला चल. शितलनं वडिलांकडं पाहिलं. धुरपदा म्हणाली, "त्यांच्याकडं काय बघती? मी सांगते ना." पोपटराव शिरूरच्या रस्त्यावर एकटेच उतरले. हातात तिची रिकामी पिशवी तेवढी राहिली होती.

पत्ते सुटले. कुणी सोडा म्हटलं म्हणून नाही. सतरंजीवर बसले की समोर वाटलेले तीन पालथे पत्ते त्यांना बघवेनात. हृतिक अधूनमधून दुकानात यायचा. खेळाचं बोलायचा नाही. एकदाच म्हणाला, "मामा, मी तवा सांगितलं ते डावाचं सांगत व्हतो." पोपटराव म्हणाले, "मला ठावं हाय रं."

दर आठवड्याला ते न्हावऱ्याच्या रस्त्यानं एसटीनं दौंडला जायचे. शितलचं घर रेल्वेच्या चाळींच्या मागं. धुरपदा आतल्या खोलीत पडून असायची. ती बोलायची, नाही असं नाही. दुकान कोण उघडतं, उधारी मागायला कोण आलं, शेजारच्या करिश्माला दिवस गेलेत त्याचं काय झालं, सगळं विचारायची. पण हात गोधडीखाली असायचे. पोपटराव खाटेच्या कडेला बसले की ती गोधडी गळ्यापर्यंत ओढून घ्यायची, वैशाखाच्या उन्हातसुद्धा. हातावरून माणूस ओळखणाऱ्याला तिनं बघायला काही शिल्लक ठेवलं नव्हतं. निघताना ते शितललाच विचारायचे, "सूज उतरली का गं?" आणि शितल सांगेल तेवढं खरं मानून उठायचे.

सहा महिन्यांच्या औषधानंतर पुण्यात परत तपासणी झाली. औषध लागू पडतंय की नाही, ते त्यातून कळायचं होतं. पोपटरावांना दिवस माहीत होता. ते सकाळीच दौंडला पोचले. शितलचा नवरा रिपोर्ट घेऊन पुण्याहून अकराच्या गाडीनं यायचा होता. पोपटराव ओट्यावर बसून राहिले. जावई आला, त्यांच्या पाया पडला आणि पाकीट घेऊन आत गेला. पोपटराव उठले, तसा आतून धुरपदाचा आवाज आला, "त्यांना बाहीर बसू द्या. दार लोटा."

दार लोटलं गेलं. कागद फाटल्याचा आवाज त्यांना ऐकू आला. मग शितल हळूहळू, अडखळत वाचतेय असं वाटलं, शब्द कळले नाहीत. मध्येच धुरपदानं काहीतरी विचारलं. शितलनं परत वाचलं.  रडण्याचा आवाज नव्हता, हसण्याचाही नव्हता. स्टेशनावरून मालगाडी गेली, तेवढा वेळ घराची कौलं थरथरत होती.

दार उघडून शितल चहा घेऊन आली. तिचे डोळे कोरडे होते. पोपटरावांनी तिच्या हातांकडं बघितलं. तिनं कप ओट्यावर ठेवला आणि हात पदरात गुंडाळून घेतले.

"काय निघालं?"

"चहा घ्या, आप्पा."

"शितल, सांग गं. बरं का वाईट, येवढंच सांग."

"आई म्हनली, तुमाला सांगायचं न्हाई."

"मी आत येऊ का?"

"झोपली ती," शितल म्हणाली. "साडेबाराची एसटी हाय तुमची."

चहावर साय धरली होती. पोपटरावांनी ती बोटानं बाजूला केली आणि दोन घोटांत कप संपवला. टोपी नीट केली. आतून खाटेचा करकर आवाज आला, धुरपदा कूस बदलत असावी. ते थोडा वेळ थांबले. मग पिशवी उचलून स्टँडच्या रस्त्याला लागले.